मूळ पॅनलला भोकं नकोत
क्लासिक गाडीत स्पीकर बसवायला दरवाजाची पॅनल कापा, हा लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. कापलेलं मूळ पॅनल पुन्हा मिळणं महाकठीण! ब्लूटूथ अॅम्प्लिफायर (फोनवरची गाणी बिनतारी घेऊन स्पीकरला देणारा डबा) सीटखाली सहज लपतो, छोटे स्पीकर डॅशबोर्डच्या खाली बसतात आणि जुना रेडिओ जागेवरच राहतो.

पण आधी वायरिंग बघा. १९५० च्या दशकातल्या कितीतरी गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, आणि अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजचे अॅम्प्लिफायर १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थसाठी (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी) बनतात. तसाच जोडलात तर ६ व्होल्टवर नीट चालणार नाही, पॉझिटिव्ह टोक बॉडीला असलेल्या गाडीत जळू शकतो, आणि शॉर्ट झाला तर जुनी वायरिंगही पेटू शकते. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असेल तर इंजिन संथ चालताना करंट फारसा मिळत नाही, म्हणून कमी वॅटचा अॅम्प्लिफायर घ्या. बॅटरीजवळ फ्यूज मात्र हवाच.