‘सगळ्यांसाठी एकच घर’ असं मी कुठे म्हटलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे, बरीचशी वैतागून लिहिलेली आहे, पण ती घरबांधणीत हातानं काम करणाऱ्या माणसाची आहे हे लगेच कळतं. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की घर बांधतानाच ते कमी-जास्त क्षमतेच्या कुठल्याही माणसाला वापरता येईल असं बांधावं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की ही घोषणा झाली, नकाशा नव्हे. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण. व्हीलचेअर वापरणाऱ्याला जमीन सलग सपाट हवी, तर न दिसणाऱ्याला पायाखाली काहीतरी खूण हवी. कमी दिसणाऱ्याला लख्ख उजेड हवा, तर स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला तोच उजेड सोसत नाही. तेव्हा राहणारा माणूस बघावा आणि त्याच्या मापानं घर करावं. धडधाकट कुटुंबाच्या गळ्यात उगाच हॉस्पिटल मारू नये. शेवटी तुम्ही दारासमोरच्या पायऱ्यांचा एक प्रश्नही विचारला आहे. त्यावर शेवटी येते.

गरजांची आपसात भांडणं होतात, हे अगदी खरं. तुमच्यापेक्षा अवघड उदाहरण मीच देते. कमी दिसणाऱ्या माणसासाठी पायरीच्या कडेला गडद पट्टी ओढावी असं आम्ही सगळेच सांगतो; पायरी कुठे संपते ते त्यामुळे कळतं. पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्या माणसाला जमिनीवरचा गडद पट्टा किंवा काळं पायपुसणं कधीकधी खड्डा वाटतो. तो तिथे थबकतो, नाहीतर ओलांडायला म्हणून मोठं पाऊल टाकतो आणि पडतो. एकाच घरात आजोबांना काचबिंदू आणि आजींना डिमेन्शिया असला तर काय करायचं? पट्टी पायरीपुरतीच ठेवायची आणि सपाट जमिनीवर रंगाचे तुटक पट्टे येऊ द्यायचे नाहीत, इतपत तोडगा निघतो. पूर्ण निघत नाही.

काही भांडणं मात्र सुटलेलीही आहेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी दाराची घंटा किंवा धुराचा अलार्म दिव्याच्या उघडझापीनं कळवतात. असा लुकलुकता दिवा अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्या काही माणसांना झटका आणू शकतो. म्हणून अलार्मच्या दिव्यांची उघडझाप सेकंदाला दोनपेक्षा जास्त ठेवत नाहीत. धोका त्याहून वेगवान लुकलुकण्यात असतो. दोघांचंही भागलं.

आता ‘घोषणा’ या आरोपाबद्दल. घर किंवा वस्तू मुळातच सगळ्यांना वापरता येईल अशी करायची, या कल्पनेला युनिव्हर्सल डिझाइन म्हणतात. ती ज्यांच्या नावावर आहे ते रॉन मेस स्वतः वास्तुविशारद होते. लहानपणी पोलिओ झाला, पुढे आयुष्यभर व्हीलचेअर. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये सात तत्त्वं मांडली. त्यातलं दुसरंच तत्त्व लवचीकतेचं आहे: वापरणाऱ्याला निवड करता आली पाहिजे, डावखुऱ्यालाही आणि उजव्या हाताच्या माणसालाही जमलं पाहिजे. सगळ्यांना एकाच मापात कोंबा असं त्यात कुठेच नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा. त्यातही या कल्पनेची व्याख्या करताना ‘शक्य तितक्या प्रमाणात’ असं म्हटलं आहे आणि विशिष्ट गटांना लागणारी साधनं यातून वगळायची नाहीत, हेही लिहून ठेवलं आहे. म्हणजे तुमचा आक्षेप मूळ मांडणीतच गृहीत धरलेला आहे.

मग मतभेद नक्की कुठे आहे? माझ्या मते तो एकाच ठिकाणी आहे. तुम्ही घरातल्या सगळ्या गोष्टी एका तागडीत टाकता. उजेड, रंग, आवाज, कपाटाची मांडणी, ओट्याची उंची, घंटा या गोष्टी माणूस बघून ठरवाव्यात आणि माणूस बदलला की बदलाव्यात. इथे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. त्या स्वमग्न मुलाच्या खोलीत मंद होणारा दिवा लावा, स्वयंपाकघरात ओट्यावर वेगळा झगझगीत लावा. एक बटण वाढलं, भांडण मिटलं. पण दाराची रुंदी, जमिनीच्या पातळ्या, बाथरूमचा आकार, भिंतीच्या पोटात काय आहे, या गोष्टी माणूस आल्यावर बदलता येत नाहीत. म्हणजे येतात, पण हातोडा घेऊन. आणि गंमत बघा, भांडणं जवळपास सगळी पहिल्या गटात आहेत. रुंद दार कुणालाच नडत नाही. भिंतीच्या आत दडलेल्या आधारानं कुणाचे डोळे दिपत नाहीत. सपाट जमिनीचं तुमचं उदाहरण तेवढं या दुसऱ्या गटातलं, पण न दिसणारा माणूस घरात उंबऱ्याला ठेचकाळून वाट ओळखत नाही. फरशीचा पोत बदलला, खोली बदलली की पावलांचा आवाज बदलला, दाराची चौकट हाताला लागली, की त्याला कळतं. त्याचा खरा शत्रू म्हणजे अर्धवट उघडं राहिलेलं दार आणि डोक्याच्या उंचीवर पुढे आलेलं कपाट.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर किंवा अपंगत्वात माणसाला रोजची कामं कशी जमतील ते बघते; घरी जाऊन बघणं हे माझं रोजचं काम. तुमच्या ‘माणूस बघून करा’ या मुद्द्याच्या बाजूनं आणि विरोधात एकाच वेळी जाणारं एक घर सांगते. पक्षाघातानंतर घरी आलेले एक गृहस्थ, उजवी बाजू लुळी. घरच्यांनी मी जाण्याआधीच कमोडजवळ चांगल्यातला ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायची भिंतीतली दांडी, बसवून घेतला होता. कमोडच्या उजवीकडे भिंत होती, म्हणून बारही उजवीकडे. बसवणाऱ्यानं काम नेटकं केलं होतं: पकड मुठीत मावेल एवढी, भिंतीपासून दीड इंचाची फट, हलवून बघितलं तर तसूभर हलत नव्हता. पण त्यांचा चालणारा हात डावा. उठताना ते डावा हात छातीवरून आडवा नेऊन उजवीकडचा बार धरायचे, सगळं अंग लुळ्या बाजूला पिळवटायचं आणि ज्या पायात जोर नाही नेमका त्याच पायावर भार यायचा. बायको समोर उभी, दोन्ही हात पसरून. न जाणो!

डावीकडे भिंतच नव्हती, मोकळी जागा होती. अशा वेळी मागच्या भिंतीला अडकवायचा, वर दुमडून ठेवता येणारा बार मिळतो. तो लावायचा ठरला आणि कळलं की मागची भिंत पोकळ ब्लॉकची. दुमडता बार भिंतीपासून लांबवर पुढे येतो, त्याच्या टोकावर माणसाचं वजन आलं की भिंतीकडचे स्क्रू उपटून येऊ पाहतात. टाइल्स फोडल्या, आतले ब्लॉक काढून तिथे भरीव काम केलं, परत टाइल्स. तेवढे दिवस कमोड वापरता येत नव्हता आणि घरात दुसरा नव्हता. बाकीचं तुम्ही कल्पनेनं जाणा.

आता सांगा, कुणाचं बरोबर? बार कुठल्या बाजूला, हे माणूस बघूनच ठरवायचं. तो तुमचा मुद्दा. पण कुठल्याही बाजूला बार पेलू शकेल अशी भिंत आधीच असायला हवी होती, हा माझा. तिथे आधीपासून भरीव काम असतं तर ड्रिल मशीन घेऊन एका दुपारचं काम होतं. आणि टॉवेल अडकवायच्या दांडीला ग्रॅब बार समजू नका, हे जाता जाता सांगते. रबरी कप दाबून चिकटवायचे बारही नकोत. ते चांगले महिनोन्‌महिने टिकतात आणि ज्या दिवशी सुटतात त्या दिवशी माणूस हातात ते घेऊनच खाली येतो.

‘नंतर बघू’ याचं दुसरं रूप म्हणजे बाथरूमचं दार. घरात सगळ्यात अरुंद दार तिथेच का बसवतात हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. व्हीलचेअरची रुंदी साधारण पंचवीस-सव्वीस इंच धरा, त्यात चाक ढकलणाऱ्याचे हात बाहेर. दाराची झडप उघडल्यावर मोकळी जागा किमान 32 इंच मिळावी; चौकट, बिजागऱ्या आणि झडपेची जाडी धरली तर त्यासाठी 36 इंची झडप लागते. आहे त्या चौकटीत झडपेला पूर्ण बाजूला नेणाऱ्या बिजागऱ्या लावल्या तर झडपेच्या जाडीइतकी, म्हणजे दीडेक इंच जागा मिळते. कधीकधी तेवढ्यावर निभावतं. बहुतेकदा नाही.

रुंदीहूनही महत्त्वाचं म्हणजे ते दार आत उघडतं. आत माणूस पडला तर तो बरोबर दाराला अडसर होतो. बाहेरून ढकलावं तर त्यालाच लागणार, न ढकलावं तर आत जाता येत नाही. याला अपंगत्व असायला लागत नाही, चक्कर पुरते. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार आणि बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी कडी, एवढ्यानं हे टळतं. तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना, अगदी पंचविशीतल्यांनाही, एवढं एक तरी सांगाच.

‘आमच्या घरी कुणीच तसं नाही’ हे तुम्ही गिऱ्हाइकांच्या तोंडचं वाक्य दिलं आहे. आज नाही, हे मान्य. पण घराला पाहुणे येतात की नाही? अमेरिकेत अटलांटाला एलिनॉर स्मिथ या स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईंनी 1987 मध्ये एक चळवळ सुरू केली आणि मागण्या तीनच ठेवल्या: एका तरी दाराला पायरी नसावी, आतल्या दारांतून व्हीलचेअर जावी, आणि मुख्य मजल्यावर एक तरी संडास तिला वापरता येईल असा असावा. युक्तिवाद साधा होता. माझं घर मी माझ्यासारखं करून घेईन हो, पण मैत्रिणीकडे, भावाकडे, शेजाऱ्याकडे मी जायचंच नाही का? जे लोक ‘त्यांच्यासाठी वेगळी घरं बांधा’ म्हणतात त्यांनी याचा विचार करावा. तुमच्या प्रतिक्रियेतही ती सूचना ओझरती आली आहे. इंग्लंडमध्ये 1999 पासून नव्या घरांना बांधकाम नियमांतून अशाच किमान सोयी सक्तीच्या झाल्या. तिथली घरं काही हॉस्पिटलसारखी दिसायला लागली नाहीत.

हॉस्पिटलसारखं दिसण्याबद्दल फार लिहीत नाही. पांढऱ्या प्लास्टिकचा बार लावला तर तसं दिसतं, दुसरा लावला तर नाही. गोल मुठीऐवजी दाबायची दांडी असलेलं हँडल ओल्या हातानं, कोपरानं, कडेवर मूल असताना उघडतं. त्याला कुणी आजारी म्हणत नाही. उजेडाबद्दल एकच: साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. दिव्याच्या जागा ठरवताना गिऱ्हाइकाच्या वयात थोडी वर्षं मिळवा, एवढंच म्हणते.

बाथरूमचा उंबरा काढला तर पाणी बाहेर येईल, हा तुमचा आक्षेप मात्र गंभीर आहे, कारण नुसता उंबरा काढला तर खरंच येतं. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात, ती अर्ध्या इंचाच्या उभ्या कडेलाही अडतात, म्हणून उंबरा ठेवून चालत नाही. मग पाणी उतारानं अडवायचं. नहाणीच्या भागाला पन्नासास एक (पन्नास इंचांत एक इंच) असा उतार, दाराकडे नाही तर दारापासून दूर, आणि दारात आडवी लांब जाळी. पण हा उतार मिळायला स्लॅब तेवढा खाली टाकलेला हवा, वॉटरप्रूफिंग दाराच्या बाहेरपर्यंत आणलेलं हवं. तयार घरात हे करायचं म्हणजे बाहेरची सगळी जमीन उचलावी लागते. पुन्हा तेच, आधी केलं तर सेंटरिंगवाल्याला (स्लॅबचा साचा ठोकणाऱ्याला) एक सूचना, नंतर केलं तर घरभर धूळ.

आता तुमचा प्रश्न. दारासमोर दोन पायऱ्या, मिळून एक फूट उंची, आणि गिऱ्हाईक सहा फुटी घडीचा रॅम्प घ्यायचं म्हणतंय. नको म्हणा. उंचीच्या बारापट लांबी हा किमान हिशोब, म्हणजे एका फुटाला बारा फूट. सहा फुटांत चढ दुप्पट होतो. चढताना खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना मागून धरणाऱ्याच्या हातून सुटते. अंगणात जागा असेल तर धातूचा रॅम्प घेण्याआधी वेगळा विचार करा: भिंतीच्या कडेकडेनं जमीनच भर घालून उचलत दारापर्यंत आणता येते का? वीसास एक इतका सौम्य चढ मिळाला तर तो रॅम्प राहतच नाही, नुसती पायवाट होते. एका फुटासाठी वीस फूट लागतील, वळण घेऊन बसवता येतात. भर घराच्या भिंतीला टेकणार असेल तर ओल आत शिरणार नाही याची तजवीज आधी करा.

दोन्हीपैकी काहीही केलंत तरी दारासमोर पाच बाय पाच फुटांची सपाट जागा सोडा. चढ थेट दाराला भिडला तर कुलूप उघडणाऱ्याला एक हात चाकावर आणि एक हात किल्लीवर ठेवावा लागतो, आणि दार बाहेर उघडणारं असेल तर खुर्ची मागे घ्यायची ती उतारावरच. जागेचा फोटो आणि मापं पाठवलीत तर मी कागदावर रेषा ओढून देईन.