आई गेल्यावर तेवीस दिवसांनी

वाद पेटला तो इरफानच्या मोबाइलवरून. रंकाळ्याच्या कडेला आमचा कट्टा आहे, तिथं रविवारी संध्याकाळी आम्ही पाचजण जमतो. इरफान तरुणपणी बॉक्सिंग खेळला, आता पोरांना शिकवतो. सुन्या माझा शाळेपासूनचा मित्र. वस्ताद सत्तरीला टेकलेत, पण अजून पहाटे तालमीत असतात. आणि दिग्या, आमच्यात सगळ्यात लहान, वस्तादांचा पठ्ठ्या. गेल्या दिवाळीत त्याची आई गेली. तेव्हापासून त्यानं लंगोट बांधलेला नाही. कट्ट्यावर येतो, चहा घेतो, पाण्याकडं बघत बसतो.

इरफाननं हेवीवेटच्या अजिंक्यपदाची जुनी बॉक्सिंगची लढत लावली होती. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम, माइक टायसन विरुद्ध बस्टर डग्लस. मी तेव्हा नववीत होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात टायसन गुडघ्यांवर आलेला फोटो बघून माझा विश्वासच बसला नव्हता. ३७ लढती, ३७ विजय असा तो माणूस. सट्टेवाल्यांनी डग्लसला एकास बेचाळीस भाव दिला होता, आणि बहुतेकांनी तर भाव काढायचेच कष्ट घेतले नव्हते.

"हे बघ, हे बघ," सुन्या म्हणाला, "आठवी फेरी. टायसनचा अप्परकट, खालनं वर मारलेला ठोसा, लागला, डग्लस आडवा. आता कुणीबी म्हणंल की संपलं. पण तो उठला. का उठला? आई नुकतीच गेली होती. आईसाठी उठला तो. दुःखात लई ताकद असती गड्या."

"आईसाठी उठला असंल," इरफान म्हणाला, "पण त्याच्याआधी सात फेऱ्या टायसनला कुणी मारलं? जॅबनं, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशानं मारलं. डग्लस उंच, हात लांब, त्या दिवशी डावा हात असा चालत होता की टायसनला आत शिरता येईना. आणि टायसन सराव न करता आला होता. तिथंच टोकियोत सरावाच्या लढतीत ग्रेग पेज नावाच्या बॉक्सरनं त्याला खाली पाडलं होतं, तरी कुणाचे डोळे उघडले नाहीत. दुःखानं जॅब येत नसतो, सुनीलराव."

"मग त्याच डग्लसनं १९८७ ला टोनी टकरसमोर का हाय खाल्ली? तेव्हाबी जॅब होताच की. दहाव्या फेरीपर्यंत बरा चालला होता आणि मग ढेपाळला. तेव्हा आई जिवंत होती. तीन वर्षांनी आई गेली आणि तोच माणूस टायसनसमोर उभा राहिला. फरक कशाचा?"

याला इरफानकडं चटकन उत्तर नव्हतं. त्यानं व्हिडिओ मागं घेतला आणि डग्लस पडतो तिथं थांबवला.

हे दृश्य मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. डग्लस पाठीवर पडतो, कोपरावर रेलतो आणि डाव्या मुठीनं रिंगची जमीन एकदा जोरात आपटतो. त्यात वेदना नाही, राग आहे. जिंकत आलेला डाव हातचा घालवला म्हणून स्वतःवर केलेला राग. भान गेलेला माणूस जमीन आपटत नाही. मग तो पंचाकडं बघत आकडे ऐकतो, दहाच्या आत उठायचं असतं, आणि नऊला उठतो.

"नऊला कुठला? बाराला म्हण," सुन्यानंच उकरून काढलं. त्या मोजणीवरून नंतर मोठं रण माजलं होतं. वेळ मोजणाऱ्याचे आकडे पुढं होते आणि पंच ऑक्टाव्हियो मेरान दोनेक सेकंद मागून मोजत होता. टायसनचा प्रमोटर डॉन किंगनं तेवढ्यावरून निकाल फिरवायला बघितला. दोन संघटनांनी डग्लसला विजेता मानायचं आधी लांबणीवर टाकलं आणि लोक खवळल्यावर माघार घेतली. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. खेळाडूनं पंचाचा आकडा ऐकायचा असतो, घड्याळ त्याच्या हातात नसतं. डग्लसनं पंचाचा आकडा ऐकला आणि वेळेत उठला. दहाव्या फेरीत त्यानं टायसनला पाडलं तेव्हा तरी मोजणीचा काही प्रश्न उरला नव्हता.

तेही इरफाननं दाखवलं. टायसन चारही पायांवर, डावा डोळा सुजून बंद, जमिनीवर चाचपडत दात वाचवायला घालतात ती रबरी कवळी शोधतोय. सापडते. ती एका टोकानं दातात धरतो, दुसरं टोक तोंडाबाहेर लोंबतंय, आणि तसाच उठायला बघतो. एवढा बलदंड माणूस त्या वेळी लहान पोरासारखा दिसतो. माझ्या पोटात कालवलं.

"आता त्याचा कॉर्नर बघा, मधल्या वेळात त्याला सांभाळणारी माणसं," इरफान म्हणाला. मला वाटतं त्याचा खरा मुद्दा इथं होता. "डोळ्याची सूज उतरवायला थंडगार लोखंडी पट्टी लागती. साधी गोष्ट हाय, माझ्या क्लासच्या पेटीतबी असती. जगातल्या सगळ्यात महागड्या बॉक्सरच्या कोपऱ्यात ती नव्हती. रबरी हातमोज्यात गार पाणी भरून डोळ्यावर धरत होते. त्याचा जुना गुरू कस डामाटो जिवंत असता तर हे झालं असतं?"

डामाटोचं नाव निघालं तसे वस्ताद पुढं सरकले. बॉक्सिंगमधलं त्यांना फार कळत नाही, पण या म्हाताऱ्याची गोष्ट इरफाननं त्यांना कधीतरी सांगितलेली आहे आणि ती त्यांच्या मनात बसलीय. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल गावात राहायचा. सुधारगृहातून आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या टायसनला घरी ठेवून घेतलं. १९८२ मध्ये पोराची आई वारली, तेव्हा कायद्यानं त्याचा पालक झाला. भीती म्हणजे विस्तव, ताब्यात ठेवला तर अन्न शिजवतो आणि सुटला तर घर जाळतो, हे डामाटोचं शिकवणं. ४ नोव्हेंबर १९८५ ला तो गेला. वर्ष उलटताच, २२ नोव्हेंबर १९८६ ला, टायसननं ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत झोपवलं आणि विसाव्या वर्षी जगातला सगळ्यात तरुण हेवीवेट विजेता झाला. म्हाताऱ्याला ते बघायला मिळालं नाही.

"बघ की," सुन्या म्हणाला, "हेबी माझ्याच बाजूचं झालं. गुरू गेला आणि वर्षात पोरानं पट्टा आणला."

"आणला. मग पुढं? मार्च १९८८ मध्ये टायसन पहिल्यांदा टोकियोत लढला. टोनी टब्सला दोन फेऱ्यांत पाडला, आणि दोनच दिवसांनी त्याचा मॅनेजर जिम जेकब्ज वारला. डामाटोच्याच घरातला माणूस. त्या वर्षअखेर केविन रूनीला, म्हणजे डामाटोनंच तयार केलेल्या ट्रेनरला, त्यानं काढून टाकलं. 'हे चुकतंय' म्हणणारं एक तोंड शिल्लक राहिलं नाही. दोन वर्षांनी त्याच टोकियोत तो रबरी हातमोजा."

"पण स्पिंक्सला ९१ सेकंदांत पाडला तो जेकब्ज गेल्यावरच."

"रूनी होता तोवर."

दोघं असे टोलवत होते आणि मला मात्र दोघांचंही अर्धंच पटत होतं. म्हणून मी मधे पडलो. माझं म्हणणं असं होतं की माणूस गेला की ताकद येते हे खरं नाही, आणि ताकद जाते हेही खरं नाही. जाणाऱ्याबरोबर आपण ज्याला जिंकून दाखवणार असतो तो माणूस जातो. ती जागा रिकामी होते. पुढची सगळी कारकीर्द त्या जागी कोण येऊन बसतं यावर ठरते. डग्लसच्या जागी त्या रात्री आईच होती. लुला पर्ल तिचं नाव. लढतीच्या तेवीस दिवस आधी ती गेली. बायकोशी बेबनाव झालेला, मुलाची आई आजारी, आणि त्यात हे. लढत संपल्यावर रिंगमध्ये त्याला विचारलं की हे कसं जमलं, तर आईचं नाव घेतानाच त्याचा बांध फुटला. मी तो क्षण कितीदा पाहिलाय, दरवेळी घसा दाटतो.

पण आठ महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १९९० ला, लास व्हेगासला होलिफिल्डसमोर तोच डग्लस २४६ पौंड वजन घेऊन आला, टोकियोपेक्षा चौदा-पंधरा पौंड जास्त. लांबून मारलेला अप्परकट हुकला, त्यावर उजवा बसला, तिसऱ्या फेरीत खेळ खलास. या वेळी त्यानं जमीन आपटली नाही. हातमोजा चेहऱ्यावरून फिरवला आणि पडून राहिला. त्या लढतीचे त्याला दोन कोटी डॉलरच्या वर मिळाले. लोक म्हणाले, पैसा बघून सुस्तावला. मला ते फार सोपं वाटतं. आईला दिलेला शब्द पुरा झाला होता आणि दुसरा शब्द द्यायला कोणी नव्हतं. पुढं वजन चारशे पौंडांच्या आसपास गेलं, १९९४ मध्ये मधुमेहानं कोमात गेला. तिथून तो जगला, वजन उतरवलं, पुन्हा रिंगमध्ये उतरला. त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही, सगळ्यांना फक्त टोकियो आठवतं.

"आणि पॅटरसन?" इरफान म्हणाला. डामाटोचाच आधीचा चेला. १९६२ मध्ये शिकागोला सनी लिस्टनसमोर उतरला तेव्हा हरलो तर तोंड लपवायला खोटी दाढी सामानात घेऊनच आला होता. पहिल्याच फेरीत हरला आणि ती दाढी लावून रात्रीत गाडी हाकत न्यूयॉर्कला गेला. सुन्या म्हणाला, असली मनोवृत्ती असल्यावर काय जिंकणार. मला राग आला. हाच पॅटरसन योहान्सनकडून हरून वर्षभरात परत आला होता आणि गेलेलं हेवीवेटचं अजिंक्यपद परत मिळवणारा पहिला माणूस ठरला होता. भीती सामानात घेऊन जो रिंगमध्ये पाय ठेवतो त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

एवढा वेळ दिग्या गप्प होता. मधेच त्यानं विचारलं, "किती दिवस म्हणालासा काका? तेवीस?"

"तेवीस."

"मला तेविसाव्या दिवशी भाकरीबी गिळत नव्हती."

सगळे थांबले. सुन्यानं मान खाली घातली. दुःखात ताकद असती, हे आपण कुणासमोर बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं.

दिग्याच पुढं बोलला. "कुस्ती मारली की पहिला फोन आईला असायचा. तिला डावातलं काय कळायचं नाही. लागलं का रं, एवढंच विचारायची. त्या डग्लसनं जिंकल्यावर फोन कुणाला केला असंल?"

कुणी बोललं नाही. मग इरफाननं खाकरून जॉर्ज फोरमनची गोष्ट काढली, आणि मला ती त्या संध्याकाळची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली. १९७४ मध्ये किन्शासाला फोरमन मुहम्मद अलीकडून आठव्या फेरीत हरला. वय पंचवीस, त्याआधी चाळीसच्या चाळीस लढती जिंकलेला. हरल्यावर त्याला काही केल्या ते पचेना. दोर सैल होते म्हणाला, पाण्यात काहीतरी घातलं होतं म्हणाला. १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरला आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याला काहीतरी दैवी अनुभव आला. हातमोजे टांगले आणि ह्यूस्टनला धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं त्यानं कुणाला ठोसा मारला नाही. मग गावातल्या पोरांसाठी काढलेल्या केंद्राला पैसे कमी पडायला लागले म्हणून १९८७ मध्ये परत आला, जाडजूड, लोकांच्या हसण्याचा विषय होऊन.

"आणि ५ नोव्हेंबर १९९४," इरफानचा आवाज चढला, "वय पंचेचाळीस. समोर मायकेल मूरर, सव्वीस वर्षांचा, न हरलेला. फोरमन तिन्ही पंचांच्या कागदावर मागं. अंगावर किन्शासाला घातली होती तीच लाल चड्डी. आणि कोपऱ्यात कोण? अँजेलो डंडी! किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता तोच. दहाव्या फेरीत आखूड उजवा मारला, मूरर पाठीवर. फोरमन गुडघ्यांवर बसून प्रार्थना करतोय."

"ज्याच्यामुळं हरला त्यालाच आपल्या कोपऱ्यात उभा केला," वस्ताद हळूच म्हणाले. "हे सोपं न्हाई बाबा."

सुन्याला यातही आपलाच मुद्दा दिसत होता. हार हेही दुःखच, म्हणाला. इरफान म्हणाला, मग त्याला दहा वर्षं का लागली? मी म्हटलं, कारण तेवढी लागतात. टायसन फ्युरी या दुसऱ्याच बॉक्सरनं २०१५ ला क्लिचकोला हरवून सगळं मिळवलं आणि त्यानंतरच नैराश्यात बुडाला, अडीच वर्षं रिंगबाहेर होता. त्याला तर हवं ते सगळं मिळालं होतं. परत आल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये वाइल्डरनं बाराव्या फेरीत पाडल्यावर तो कसा उठला ते आजही कळत नाही. दुःखाचं आणि ठोशाचं गणित कागदावर मांडता येत असतं तर आम्ही दर रविवारी भांडलो नसतो.

अंधार पडला होता. दिग्यानं इरफानचा मोबाइल मागून घेतला आणि आठवी फेरी पुन्हा लावली. आवाज बंद करून. डग्लस पडला, मूठ आपटली, उठला. दिग्यानं ते दोनदा बघितलं.

"फोरमनला दहा वर्षं दिली न्हवं लोकांनी," तो वस्तादांना म्हणाला. "मला अजून थोडं द्या की."

"घे की. कोण तुला कुस्ती धर म्हणतंय?" वस्ताद चपला पायात सरकवत म्हणाले. "परवा हौद्यात नवी माती टाकायचीय. ताक, हळद कालवायला माणूस कमी पडतोय. साडेपाचला ये."

"लिंबं कोण आणणार?" दिग्यानं विचारलं.

"अजून सांगितली न्हाईत कुणाला," वस्ताद म्हणाले.