‘पाच मिनिटांची नोंदणी’ म्हणणाऱ्या वाचकास

एआय आणि कॉपीराइटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: कायदा झालेलाच नाही, नुसता समितीचा कागद आहे; तो न वाचता तुम्ही कलावंतांना भडकवताय; आयटी कंपन्यांच्या संघटनेने, नॅसकॉमनेच, त्याला विरोध केला म्हणजे तो तुमच्या फायद्याचा; नोंदणीला पाच मिनिटं लागतात, पण तुम्हाला रडायची सवय; आणि गोंधळाची गाणी काय तुमच्या बापाची आहेत का?

एक चूक मान्य. मी ‘नवा कायदा’ असं लिहिलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने काढला तो एआय कंपन्यांनी कलावंतांचं साहित्य कसं वापरावं याबद्दलचा प्रस्तावच आहे. लेखात दुरुस्ती केली.

पण मुद्दा मांडायला बाप काढायची काय गरज होती? माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं कमरेला संबळ बांधून परभणी-जिंतूर भागात रात्र-रात्र गोंधळ घातला. डाव्या हाताची बोटं आता सरळ होत नाहीत. परंपरेची गाणी कुणा एकाची नाहीत हे मला त्यांनीच शिकवलं, तुम्ही शिकवायची गरज नाही. मी बोलत होतो ते मी स्वतः लिहिलेल्या गाण्यांबद्दल. माझ्याबद्दल हवं ते बोला, त्यांना मधे आणू नका.

आता तुमची ती पाच मिनिटं. आपल्या १९५७ च्या कायद्यात हक्क मिळायला नोंदणी लागतच नाही. गाणं वहीत उतरलं की ते लिहिणाऱ्याचं, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. प्रस्तावात मात्र एआय कंपन्यांना आपलं यंत्र शिकवायला सगळ्यांचं साहित्य वापरायचा सरसकट परवाना आहे, आपल्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही, आणि रॉयल्टी हवी तर एका केंद्रीय संस्थेकडे आपली कृती आपणच नोंदवायची. म्हणजे वापर आपोआप, पैसा मात्र अर्ज केल्यावर. यात तुम्हाला काहीच खटकलं नाही?

कागदावरचा हक्क आणि हातात पडणारा पैसा यांत किती अंतर असतं ते मी भोगलंय. २०१४ साली एका कंपनीने माझी आठ गाणी पाच हजारांत घेतली. मोंढ्याजवळच्या हॉटेलात चहाचा कप सरकवून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर माझी सही घेतली. मजकूर इंग्रजीत, रकमेची जागा कोरी. तेव्हा कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती लागू होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दुरुस्तीनुसार गीतकाराला रॉयल्टीतला निम्मा वाटा सोडून देताच येत नाही, सही केली तरी. मला ते माहीत नव्हतं. त्यांना नक्की असणार. आजवर रुपया आलेला नाही.

पुढे २०२१ च्या नवरात्रात वडिलांसोबत अंगणात त्यातलंच एक गाणं म्हटलं आणि मोबाइलवरून यूट्यूबवर टाकलं. तासाभरात त्याच कंपनीचा कॉपीराइट क्लेम. शब्द माझे, आवाज आमचा, संबळ आमचं. फोन केला तर समोरच्याने विचारलं, “तुम्ही सोसायटीचे सभासद आहात का?” म्हणजे रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे. तो प्रश्न आणि तुमची पाच मिनिटं मला एकाच सुरातली वाटतात.

नोंदणी तरी कशाची करायची? वडिलांच्या तीन वह्या आहेत. एकीला पानं नाहीत, नुसते दोरे राहिलेत. कॅसेटवर त्यांचं नाव ‘शाहीर’ लावून, आधारवर वेगळं, वहीत तिसरंच. त्यांच्या जोडीच्या तुणतुणेवाल्यांनी रचलेली कवनं लोकांनी जागरणात मोबाइलवर उतरवून घेतली आणि भलत्याच नावाने टाकली. ती कुणी नोंदवायची? त्या तुणतुणेवाल्यांना सही करायला येत नाही. यंत्र मात्र ती आजही ऐकून घेऊ शकतं. तुमच्याकडे शहरात सगळ्यांकडे लॅपटॉप असेल, इकडे आठ-आठ तास लाईट नसते. हे तुम्हाला रडगाणं वाटत असेल तर वाटू द्या.

आणि पैशाच्याही आधीची गोष्ट आहे. देवीपुढे म्हणायचं कवन वडील स्टुडिओत कधी गायले नाहीत, कंपनीने मागूनही. पोत, म्हणजे देवीपुढची मशाल, पेटल्याशिवाय ते म्हणायचं नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या ‘नाही’ची कुणी रॉयल्टी ठरवू शकत नाही, आणि या प्रस्तावात नेमकं तेच काढून घेतलंय.

नॅसकॉमच्या विरोधाचं कारण वेगळं आहे, त्यांना परवान्याऐवजी कॉपीराइटमधूनच सूट हवी होती. त्यावर पुन्हा कधीतरी. कागद न वाचल्याच्या आरोपाला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. वडिलांना ती वाचून दाखवली, फक्त शेवटचं वाक्य सोडून.