कपाळावरचा दंड

माझ्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ कायमची उमटली आहे, ही गोष्ट मला वधू-वर सूचक मंडळातल्या बाईंकडून कळली. आईने मोठ्या हौसेने नेऊन दिलेला माझा फोटो त्यांनी आधी चष्म्यातून आणि मग चष्म्यावरून पाहिला आणि "मुलगा कशावर नाराज आहे का?" असे विचारले. मी नाराज नव्हतो. फोटोग्राफरने तीन वेळा हसायला सांगितले होते आणि मी तिन्ही वेळा मनापासून हसलो होतो. परंतु त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर 'फोटो तात्काळ मिळतील' अशी पाटी होती, आणि 'तत्काळ' या शब्दाला विनाकारण चिकटवलेल्या त्या कान्याकडे पाहत कोणी कितपत हसू शकेल, याला मर्यादा आहेत.

माझे वय २९ आहे आणि मी गेली सात वर्षे आप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक आहे. म्हणजे दिवसाचे आठ तास मी कपाळाला आठ्या घालण्याचा पगार घेतो. आईने मंडळातून परत आल्यावर ही हकिकत सांगितली, तेव्हा मी आरशासमोर उभा राहून चेहरा शक्य तितका सैल सोडला. आठी गेली, रेघ राहिली. मराठी भाषेने या बाबतीत फार बारकाईने विचार केलेला आहे, हे मला त्या क्षणी जाणवले. आठी ही घातलेली असते आणि सुरकुती ही पडलेली असते. पहिल्या वाक्यात कर्ता मी आहे; दुसऱ्यात मी केवळ जागा पुरवतो. माझ्या कपाळावर या दोहोंच्या मधली काहीतरी अवस्था चालू होती, आणि तिचा आकार हुबेहूब जुन्या पोथ्यांमधल्या दंडासारखा होता. एक दंड म्हणजे ओळ संपली. शेजारी दुसरा उमटला की श्लोकच संपला.

माझी धाकटी बहीण चोवीस वर्षांची आहे आणि या विषयातला तिचा व्यासंग माझ्या व्याकरणाच्या व्यासंगापेक्षा कितीतरी खोल आहे. तिने माझा चेहरा खिडकीपाशी नेऊन मोबाइलच्या विजेरीखाली तपासला आणि भुवयांमधला दंड, कपाळावरच्या दोन पुसट आडव्या रेघा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत फुटू लागलेले 'कावळ्याचे पाय' अशी यादी वाचून दाखवली. इंग्रजीत त्या रेघांना असेच म्हणतात, हे कळल्यावर आजी दचकली. आमच्याकडे कावळा दहाव्या दिवशी येतो, तोही बोलावल्यावर आणि पुष्कळदा आढेवेढे घेऊन. साहेबाकडे तो तिशीच्या आतच आपणहून तोंडावर येऊन बसतो, हे तिला अगदी अभद्र वाटले.

आईचा उपचार स्वयंपाकघरातून निघाला. दुधाची साय, डाळीचे पीठ, चिमूटभर हळद आणि वर अर्धे लिंबू. साय आणि पीठ यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी चेहरा काही काळ मऊ झाला आणि सोमवारी दुपारपर्यंत मला स्वतःलाच भज्यांचा वास येत राहिला, इतकेच. लिंबाने मात्र गालाची आग आग झाली. लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो आणि तो अंगावर असताना ऊन लागले तर चट्टे उठू शकतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले, आईला हे सांगितल्यावर तिने "मग सरबत कसं चालतं?" असा प्रश्न केला, ज्याचे उत्तर घरात कोणाकडेही नव्हते.

बहिणीच्या फळीवर अकरा बाटल्या आहेत आणि त्यांचा क्रम पंगतीतल्या वाढण्याच्या क्रमाइतका कडक आहे. नियम असा, की आधी पातळ, मग दाट. मी पहिल्याच दिवशी आधी दाट मलम लावून त्यावर पातळ द्राव चोपडला, तेव्हा ताकभात आधी जेवून मग वरणभात मागणाऱ्या पाहुण्याकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले. त्यातल्या एका कुपीत ३० मिलिलिटर द्राव होता आणि किंमत ६०० रुपये. मी हिशेब केला, तर लिटरला वीस हजार पडले. ते क जीवनसत्त्व होते आणि उजेड व हवा लागली की पिवळे, मग तपकिरी पडून वाया जाते, म्हणून ते गडद काचेत ठेवतात. दुसऱ्या कुपीत कातडीतला ओलावा धरून ठेवणारे हायल्युरॉनिक आम्ल होते. ते १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कमध्ये गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे केले, अशी माहिती मी जेवताना दिली, आणि ती देण्याची वेळ चुकली हे माझ्या लगेच लक्षात आले. हल्ली ते बहुतेक जिवाणूंपासून तयार करतात, ही पुरवणी जोडल्याने परिस्थिती सुधारली नाही.

"हे सगळं राहू दे, दादा," बहीण म्हणाली, "तू सनस्क्रीन लावतोस का?"

मी म्हणालो, की मी पुण्यात राहतो, समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, आणि दिवसभर घरातच, म्हणजे कचेरीत, बसलेला असतो. कचेरीतले माझे टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून आहे आणि दुपारी तीननंतर ऊन माझ्या डाव्या गालावर येते, हा तपशील तिने माझ्याकडून उलटतपासणी घेऊन काढला. मग तिने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या मालमोटार-चालकाचे ते छायाचित्र तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली छापून आले होते. त्याने २८ वर्षे गाडी चालवली. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीचे ऊन डाव्या गालावर येत राहिले. उजवा गाल साठीतल्या माणसाचा होता; डावा गाल नांगरलेल्या शेतासारखा होता. ज्या किरणांनी कातडी भाजते ते बहुतांशी काचेत अडतात, पण ज्यांनी ती आतून सैल पडते ते यूव्हीए किरण काचेतून खुशाल आत येतात आणि कातडीला ताणून धरणाऱ्या कोलाजेनच्या धाग्यांचा निकाल लावतात. मी त्या दिवसापासून टेबल भिंतीकडे सरकवले. व्यवस्थापकांनी कारण विचारल्यावर मी 'कोलाजेन' असे उत्तर दिले, ते त्यांना एखाद्या सरकारी परिपत्रकाचे नाव वाटले असावे, कारण त्यांनी पुढे काही विचारले नाही.

या सर्व शास्त्राचा सर्वात ठोस पुरावा मात्र आमच्या घरातच, पाटावर बसून शेंगा सोलत होता. आजीचे वय ८४. तिचे अर्धे आयुष्य शेतावर गेले, आणि चेहऱ्यावर इतक्या बारीक रेघा आहेत, की मला त्यात कधीकधी मोडी लिपी दिसते. त्या दिवशी उन्हाळ्यामुळे तिने चोळीची बाही वर सरकवली आणि मी प्रथमच नीट पाहिले. बाहीच्या काठापाशी जणू सीमारेषा आखलेली होती. खाली कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सुकलेल्या आमसुलासारखी, सावळी, ठिपक्याठिपक्यांची. आणि वर दंडावर, जिथे साठ-सत्तर वर्षे ऊन पोहोचलेच नव्हते, तिथे ती सैल झाली होती खरी, पण गव्हाच्या उंड्यासारखी तुकतुकीत होती. हात एकच, वय एकच, तेल एकच, खोबरेल. मी बोटाने त्या काठावर रेघ ओढत राहिलो, तेव्हा आजी म्हणाली, "काय बघतोस रे? तुझा दंड कपाळावर, माझा खांद्याखाली. माझा बरा आहे."

म्हणून मी सनस्क्रीन घेतले. ३० आकड्याचे घ्यावे की ५० चे, यावर मी दुकानात पंधरा मिनिटे घालवली. ३० चे कातडी भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि ५० चे सुमारे ९८, म्हणजे वीस अंकांच्या उडीत हाती एक टक्का लागतो. मात्र हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजलेले असतात. व्यवहारात याचा अर्थ तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा, तोंडाला आणि मानेला मिळून, शिवाय उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. एक ट्यूब वर्षभर पुरली म्हणजे ती लावलीच नाही असे समजावे, हे बहिणीचे मत. मी घेतलेले सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचे होते आणि माझा वर्ण सावळा आहे, त्यामुळे दोन बोटे नियमाप्रमाणे थापल्यावर जो रंग आला तो माणसाचा नव्हता. कचेरीच्या जिन्यात शिपाईमामांनी थांबवून विचारले, "काय साहेब, गिरणीतून थेट आलात का?" परतीच्या वाटेवर, सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाक्यांवर डोळ्यांखेरीज सर्व काही रुमालात गुंडाळलेल्या मुलींकडे मी वेगळ्या आदराने पाहिले. या शहरातल्या पुरुषांनी ज्यांना इतकी वर्षे चंबळची टोळी म्हणून हिणवले, त्यांचे चेहरे आपल्यापेक्षा दहा वर्षे मागे राहणार आहेत.

रोजच्या रोज लावण्याने काही होते का, याची परीक्षा ऑस्ट्रेलियातल्या नंबूर या गावी झालेली आहे. ५५ वर्षांखालच्या ९०३ माणसांना साडेचार वर्षे त्यात धरले होते आणि २०१३ साली निष्कर्ष छापून आले. नेमाने रोज लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्कर झाली. मोजमाप कशावरून केले, तर हाताच्या पाठीचे ठसे घेऊन. तळहातावरच्या रेघांवरून आयुष्य सांगणारे आपल्या पेठांमध्ये पुष्कळ आहेत. हात उलटा करून पाहण्याचे मात्र त्यांच्यापैकी एकालाही सुचले नाही.

सनस्क्रीनने पुढचे नुकसान थांबते. उमटलेल्या दंडाचे काय, म्हणून मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी सांगितले, की आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असल्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात, डाग आधी येतात. तेव्हा भुवयांमधली ही रेघ उन्हाइतकीच सवयीची आहे. रात्री लावायला त्यांनी रेटिनॉल दिले. हे अ जीवनसत्त्वाचेच एक रूप. त्याचा थोरला भाऊ ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ साली मुरमांवरचे औषध म्हणून मान्य झाला, आणि मुरमे घालवायला आलेल्या मोठ्या वयाच्या रुग्णांनी "मुरमांचं राहू द्या, रेघा फिकट झाल्यात" असे सांगितल्यावर डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले. सूचना स्पष्ट होती. मटाराच्या दाण्याएवढे, आठवड्यातून दोन रात्री, वरून साधे मॉइश्चरायझर, आणि तीन महिने धीर.

मटाराचा दाणा हे माप सापेक्ष आहे. मी पुरंदरच्या मटाराचा विचार केला, तोही हंगामातल्या, आणि दोन रात्रींऐवजी सलग सहा रात्री लावले. कारण आठवड्यातून दोनदा लावून जे तीन महिन्यांत होते ते रोज लावून एका महिन्यात व्हावे, असे माझे त्रैराशिक होते. सातव्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंची साल नव्या बटाट्यासारखी सुटू लागली. दाढी करताना डोळ्यांतून पाणी आले. प्रुफांवर माझ्या गालाचे पापुद्रे पडत होते आणि त्यांतल्या एकाला मी अनुस्वार समजून खूण केली. तेवढी खूण पुस्तकात तशीच छापली गेली आहे.

डॉक्टरबाईंनी दोन आठवडे सर्व बंद करायला लावले. मी धीर सोडून बोटॉक्सबद्दल विचारले. नेमक्या याच दोन भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. अन्नातून पोटात गेले तर जीव घेऊ शकणारे हे विष अत्यल्प मात्रेत टोचले, की भुवया ओढणारा स्नायू तीन-चार महिने स्वस्थ बसतो. "पण मग आठी घालता येणार नाही," त्या म्हणाल्या. चुकलेली वेलांटी दिसूनही चेहरा निर्विकार राहिला, तर व्यवस्थापक मला कशाचे पैसे देतील, हा प्रश्न मला घरी जाईपर्यंत छळत राहिला. जाता जाता त्यांनी विचारले, "चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलात?"

चार वर्षांपूर्वी. नंबर पाऊणने वाढलेला निघाला. म्हणजे चार वर्षे मी अक्षरांवर नाराज नव्हतो, ती मला दिसत नव्हती, आणि डोळे बारीक करून पाहण्याच्या खटाटोपात स्वतःच्या कपाळावर दंड ओढत होतो. नव्या चष्म्यातून पाहिल्यावर पहिल्याच दिवशी पानामागे दोन चुका जास्त सापडल्या.

चार महिने झाले. सनस्क्रीन आता बिनरंगी मिळाले आहे, रेटिनॉल आठवड्यातून दोनदा, खरोखरच्या मटाराएवढे. बहिणीने त्याच खिडकीत, त्याच विजेरीखाली पुन्हा फोटो काढला आणि दंड 'बराच पुसट' असल्याचा दाखला दिला. मी पाहिले तर तो पुसलेला नव्हता, पण छपाईत शाई कमी लागल्यावर दिसावा तसा झाला होता. तो नवा फोटो मंडळाकडे गेला, आणि मागच्या रविवारी त्यांच्याकडून एक स्थळ आले. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, चेहरा प्रसन्न. आई, बहीण आणि आजी माझ्यासमोर ओळीने बसल्या आणि मी माहितीपत्रक वाचू लागलो. नाव, शिक्षण, उंची, गोत्र, सगळे शुद्ध. शेवटी 'अपेक्षा' या सदराखाली एकच ओळ होती: 'मुलगा निर्व्यसनी व हसतमूख असावा.'

मी ती ओळ दोनदा वाचली. तिघींचे डोळे माझ्या कपाळावर होते.

"पडली," आजी म्हणाली.

"घातली," मी दुरुस्ती केली.