पूल झाला म्हणून लाँच नको?

उरणचा माझा आतेभाऊ फोनवर ठासून सांगत होता. अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल आली, आता मुंबईची लाँच, म्हणजे प्रवासी बोट, सुटते त्या मोरा बंदरातला गाळ काढायला सरकारने एक रुपया घालू नये. "लाँचने आता जातं कोण? ज्यांना दुसरं काही परवडत नाही ते."

शेवटचं वाक्य झोंबलं. कॉलेजची सगळी वर्षं मी त्या न परवडणाऱ्यांतलीच होते. मोरा ते भाऊचा धक्का. ओहोटीला गाळामुळे लाँच बंद, वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बंद. त्यामुळे लेक्चरच्या वेळापत्रकाआधी भरतीच्या वेळा पाठ व्हायच्या. मासळीच्या पाट्या, डिझेलचा धूर, खलाशाच्या शिव्या. वर्गात कुणी घर विचारलं तर मी "नवी मुंबई" सांगून मोकळी व्हायचे.

न्यूयॉर्कला आल्यावर भाडं झेपलं ते स्टेटन आयलंडचं. म्हणजे पुन्हा बोट! पण ही बेटावरच्या सेंट जॉर्जहून सुटणारी नारिंगी बोट पंचवीस मिनिटांत मॅनहॅटनच्या व्हाइटहॉलला टेकते. 1997 पासून तिला तिकीट नाही आणि मध्यरात्रीनंतरही दर अर्ध्या तासाला ती असते. नाइट शिफ्टच्या नर्सा, सफाई कामगार, कोर्टातले कारकून, टाय सैल केलेले बँकवाले, सगळे एकाच बाकांवर. पर्यटक स्वातंत्र्यदेवीच्या बाजूच्या कठड्याला लोंबकळायचे, आम्ही रोजचे पलीकडच्या बाजूला पेंगायचो. संध्याकाळी काहीजण स्नॅक बारवरून बिअर घेऊन बसत. यांना दुसरं काही परवडत नाही, असं तिथे कुणी फोनवर ठासून सांगताना मी तरी ऐकलं नाही.

दादाचा मुद्दा तयार होता: "तुमच्या बेटावरून मॅनहॅटनला थेट पूल आहे का? नाही. मग बोट चालवणारच." बरं, नाही. पण ब्रुकलिनला जोडणारा व्हेरझानो पूल 1964 पासून आहे, एक्सप्रेस बसही आहे, तरी बोट सुटतेच. आणि अमेरिका राहू दे, कोचीकडे बघ. वायपीन बेटाला शहराशी जोडणारे गोश्री पूल होते, तरी 2023 मध्ये वॉटर मेट्रोची पहिली बोट हायकोर्ट ते वायपीन अशीच सुटली.

अटल सेतू देखणा आहे, 21.8 किलोमीटर, नाही कशाला म्हणू. पण त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, मोटारीला एका खेपेचे 250 रुपये. लोकलने सीएसएमटी गाठायचं तर नेरुळ नाहीतर बेलापूरला गाडी बदला. दादाला यातलं काही जाणवत नाही, त्याच्याकडे ड्रायव्हर आहे.

मग त्याने अपघात काढले. 1947 ची 'रामदास', सहाशेच्या वर माणसं गेली. 2024 च्या डिसेंबरात एलिफंटाच्या वाटेवर 'नीलकमल'. यावर थट्टा करता येत नाही. पण स्टेटन आयलंडची बोटही 2003 मध्ये सेंट जॉर्जच्या धक्क्यावर आदळली आणि अकरा माणसं मेली. सुकाणूवरच्या पायलटची शुद्ध हरपली होती, आणि दोन पायलट हवेत हा नियम कुणी पाळत नव्हतं. पायलट आणि फेरीसेवेचा प्रमुख दोघेही तुरुंगात गेले. बोट बंद करा असं नाही ठरलं, माणसं नीट नेली पाहिजेत असं ठरलं. आपल्याकडे अपघात झाला की चार दिवस लाइफ जॅकेट सक्तीचं, पुढे पुन्हा उशाला.

"तू तरी आता बोटीने जातेस का?" दादाने विचारलं.

नाही जात. लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला आलो. दारात दोन गाड्या, ओक ट्री रोडला वाणसामान. बोटीत बसते ती भारतातून पाहुणे आले की, आणि तेव्हा मीही त्यांच्याबरोबर स्वातंत्र्यदेवीच्या बाजूला उभी असते. इथे कुणी गाव विचारलं तर मी "मुंबई" सांगते, उरण अजूनही तोंडातून निघत नाही. तरी मोऱ्याच्या गाळावर बोलायचा हक्क मला हवा आहे. तो कशाच्या जोरावर, हे दादाने विचारलं नाही, बरं झालं.

डिसेंबरात येतोय आम्ही. विमानतळावर दादा गाडी पाठवणार, ती पुलावरूनच जाणार, टोलही तोच भरणार. मी नको म्हणणार नाही.