जॉर्ज इन म्हणजे नुसता 'जुना पब' नव्हे
लंडनच्या सदर्कमधल्या 'जॉर्ज इन'ला एका लेखात 'एक जुना पब' एवढ्यावरच उरकलंय, याची चुटपुट लागली. १६७६च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी पुन्हा उभारलेली ही घोडागाड्यांची सराई. लाकडी सज्जांची अशी सराई लंडनमध्ये आता ही एकच, आणि तिचीही एकच बाजू उरलीय. बाकीची १८८९मध्ये रेल्वे कंपनीने पाडली. १९३७पासून ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने सांभाळली म्हणून बरं!

मुलीकडे गेलो होतो तेव्हा आवर्जून पाहिली. सज्जे किंचित कललेले, पायाखालच्या फळ्या करकरतात. खालच्या एका बारमध्ये पूर्वी प्रवासी गाडीची वाट पाहत बसायचे. तिथल्या बाकावरून माझं उठायचं मनच होईना.