तिसऱ्या डिव्हिजनचा माणूस

आज सकाळी एका गटात इंग्लंडच्या सर्वोत्तम फुटबॉल बचावपटूंची यादी आली. मी तिच्याखाली हॅरॉल्ड बेल यांचे नाव लिहिले, तर यादीकर्त्या गृहस्थांचे उत्तर आले, ‘तिसऱ्या डिव्हिजनचा माणूस? त्याला कोण विचारतो!’ दुपारपर्यंत गप्प बसलो, आता राहवत नाही.

महायुद्धानंतर १९४६ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून ऑगस्ट १९५५ पर्यंत बेल ट्रॅनमिअर रोव्हर्स या तिसऱ्या, म्हणजे तेव्हा लीगच्या तळाच्या, डिव्हिजनमधल्या क्लबकडून लीगचे ४०१ सामने सलग खेळले. बदली खेळाडू तेव्हा नव्हतेच, ते १९६५ मध्ये आले. म्हणजे विसाव्या मिनिटाला घोटा मुरगळला तरी लंगडत नव्वद मिनिटे काढायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच चिखलात, पाणी पिऊन जड झालेला चामड्याचा चेंडू कपाळावर घ्यायचा.

मी ट्रॅनमिअरच्याच गावी, लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडला राहतो. आमच्या शेजारचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, कुंपणाची मेंदी छाटता छाटता मला बेल यांच्याविषयी सांगत असतात. त्यांचे वडील गोदीतली अर्ध्या दिवसाची पाळी संपवून, तेल लागलेल्या कपड्यांनिशीच त्यांना ट्रॅनमिअरच्या मैदानावर, प्रेंटन पार्कला नेत. सामन्याच्या माहितीपत्रकात वडील फक्त पाहुण्या संघाची नावे वाचत. आपल्या बचावफळीत बेल आहेत की नाहीत, हे पाहण्याची गरजच नसे. ज्या माणसाविषयी एका गावाला इतकी खात्री होती, त्याला ‘कोण विचारतो’?

इंग्लंडचा नामवंत आघाडीपटू टॉम फिनीसमोर बेल दर आठवड्याला टिकले नसते, हे मान्य. पण संधी तरी कुठे होती? तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागातून वर्षाला एकच संघ वर जाई, आणि तळाच्या दोघांना लीगमध्ये राहण्यासाठी इतर क्लबांकडे मते मागावी लागत. पगाराला कमाल मर्यादा होती, १९४७ मध्ये आठवड्याला १२ पौंड, आणि तीही वरच्या डिव्हिजनमधल्या नामवंतांना तेवढीच. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. या व्यवस्थेवर आपले यादीकर्ते अवाक्षर काढत नाहीत. त्यांना फक्त चषक मोजता येतात.

बरे, रागावून काय होणार? ते आजोबा तर याहून पुष्कळ शांतपणे सांगतात. १९५५ मध्ये ज्या दिवशी बेल संघात नव्हते, त्या दिवशी वडिलांनी माहितीपत्रक दोनदा उलटून पाहिले आणि छापणाऱ्याची चूक असणार म्हणून ते खिशात कोंबले.

सलग सामन्यांची मालिका तुटल्यावर दुसरा कोणी रुसून बसला असता. बेल त्यानंतरही ट्रॅनमिअरकडूनच खेळत राहिले आणि लीगच्या ५९५ सामन्यांवर थांबले. जानेवारी १९६१ मध्ये पगाराची मर्यादा उठली, तोवर त्यांची लीगमधील कारकीर्द आटोपली होती.